अण्णांच्या भांड्याची चीर

एवढी वर्षं झाली, पण निळं भांडं दिसलं की अजून मी तोंड फिरवतो. ऐका, आणि हसायचं तर हसा खुशाल. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं!

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर साल असेल. मी गारगोटीच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. चित्रकार अण्णा गावातच राहायचे. त्यांची ती भिंतीएवढी तैलचित्रं, नुसते काळे-तांबडे पट्टे, पार मुंबई-दिल्लीत नावाजलेली. पण बायको वारली आणि अण्णांनी तैलरंग सोडले. घरात बसून वहीच्या पानाएवढी जलरंगातली चित्रं काढायचे, मातीची भांडी भाजायचे. हे ठाऊक कुणाला? फक्त मला! मीच हट्टानं कोल्हापुरात प्रदर्शन ठरवलं.

चित्रं अण्णा स्वतः आणणार होते. भांडी त्यांनी पेंढ्यात गुंडाळून ट्रंकेत भरून दिली. म्हणाले, "मास्तर, सांभाळून न्या. निळं भांडं आमच्या हिच्यासाठी केलंय."

एसटीनं काय आपटलं म्हणता! ट्रंक अख्ख्या वाटेत मांडीवर. कोल्हापुरात उघडली, आणि संपलं सगळं! निळ्या भांड्याला गळ्यापासून बुडापर्यंत चीर! बोट जाईल एवढी!

उद्या प्रदर्शन! अण्णांना काय तोंड दाखवू? भांडं छातीशी धरून शाहूपुरीत दस्तगीरचाचांकडे पळालो. चाचा ट्रकच्या बॉडीचे पोचे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवायचे, वर रंग मारायचे.

"चाचा, वाचवा!"

चाचांनी भांडं फिरवून बघितलं. "मास्तर, फुटलंय म्हंतासा, पर कडा लई सरळ हायत की ओ!"

"कडा काय बघताय? भरा की!"

संध्याकाळपर्यंत चाचांनी चीर अशी बुजवली, असा निळा रंग जुळवला, की ती कुठं होती ते मलाच सापडेना.

सकाळी अण्णा आले. चित्रं लावली. भांड्यापुढं थांबले, हात फिरवला.

"मास्तर, चीर कुठाय?"

मी पायच धरले. "चुकलो, अण्णा! गाडीत फुटलं. जोडून आणलंय."

"फुटलं नव्हतं," अण्णा हळूच म्हणाले. "ती चीर मीच पाडली होती, ही गेली त्याची खूण. चीर पाडलेली किती भांडी भट्टीत फुटली, तेव्हा हे एक टिकलं."

धरणी पोटात घेईल तर शपथ! त्यात आपलं काम बघायला चाचा नवी टोपी घालून हजर.

अण्णांनी त्यांनाच विचारलं, "चाचा, निघेल का हो हे?"

चाचांची छाती फुगली. "नाव काढू नका, साहेब! भांडं फुटंल, पर माझी लांबी हलायची न्हाय!"

अण्णा खुर्चीत बसले. मग उठले, भांड्यापुढची आपल्या नावाची चिठ्ठी उलटी केली आणि मागं मोठ्या अक्षरात कलाकाराचं नाव लिहिलं. माझं!

पुढं आठ दिवस लोक मला घेरून विचारायचे, "मास्तर, भारी हाय हे! पर ह्याचा अर्थ काय वो?"

काय सांगू, कप्पाळ? अर्थच तर बुजवून आणला होता मी!