भर चर्चमध्ये सुमनमावशींची माफी मागितली

मंडळी, अजून हसू आवरत नाहीये, म्हणून घरी आल्या आल्या लिहितेय.

आज आमच्या देहूरोडच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी रविवारची अख्खी सकाळ राखून ठेवली होती. आधी सगळ्यांनी मिळून शास्त्रवाचन, मग पापकबुली आणि शेवटी उपासना.

कबुलीच्या वेळी ज्याला बोलायचं त्यानं उभं राहायचं होतं. मी उठले.

"दोन वर्षांपूर्वी नाताळच्या गायकमंडळात जागा उरली नाही, असं मी सुमनमावशींना खोटंच सांगितलं. त्यांचा सूर लागत नाही म्हणून. मावशी, मला माफ करा."

टाकव्याच्या सुमनमावशी माझ्या मागच्याच बाकावर होत्या.

"अगं, मला तवाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर दर रविवारी तुज्या मागं बसून लय मोठ्यानं गाते!"

पाळकसाहेबांसकट सगळे खो-खो हसले. मी रडत रडत हसले. मावशी पुढे येऊन शेजारी बसल्या, माझा हात धरला. मग उपासनेत त्यांनी जो सूर लावला, त्याच सुरात मीही मनापासून गायले.

तुमची कुणाची माफी मागायची राहिलीय का? मागून टाका. समोरच्याला बहुधा आधीच माहीत असतं.