देवापुढची तुपाची वाटी

डॉ. इंदुमतीबाईंची आणि माझी पहिली भेट त्यांच्या हिंगोलीतल्या दवाखान्यात झाली. मी प्रयोगशाळेत काम मागायला गेलो होतो. बाईंनी प्रमाणपत्रं बाजूला ठेवली आणि विचारलं, "शौचाचा डबा उघडताना नाक मुरडणार का?" मी नाही म्हणालो. खोटं बोललो, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं असावं.

आज बाई पंचाहत्तरी पूर्ण करत आहेत, म्हणून एक जुनी चूक कबूल करतो. आखाडा बाळापूरजवळचे मेंढपाळ गंगाराम पोटाच्या जुनाट दुखण्याने झिजत चालले होते. बाईंचा संशय स्वादुपिंडावर होता; ते बिघडलं की स्निग्ध पदार्थ पचत नाहीत. खाल्लेलं तेल-तूप अंगी लागतं की तसंच बाहेर पडतं, हे पाहायचं होतं. त्यासाठी तीन दिवस मोजून तूप खायचं आणि सगळं शौच डब्यात जमा करायचं. तूप बाईंनी स्वतःच्या घरून दिलं. डबा आला, त्यात स्निग्धांश जेमतेम निघाला. स्वादुपिंड ठणठणीत, असा शेरा मी मोठ्या ऐटीत लिहिला.

बाईंनी तो वाचून एवढंच विचारलं, की गंगारामांनी खाल्लं काय होतं? मी विचारलंच नव्हतं.

मला घेऊन बाई थेट गंगारामांच्या घरी गेल्या. त्यांच्या पत्नी सखुबाई खालमानेने म्हणाल्या, "तुपानं ह्यायचं पोट लई दुखतंय. म्हून तूप देवापुढं लावलं. देव तरी तकलीफ दूर करंल."

तीन दिवस देवाला तुपाचा दिवा आणि नवऱ्याला कोरडी भाकर! मी कपाळाला हात लावला. बाईंनी मात्र आधी देवाला हात जोडले. मग म्हणाल्या, "चूक माझी. मी दोन वाट्या द्यायला हव्या होत्या, एक देवाची, एक ह्यांची." माझं नाव त्यांनी तिथे काढलं नाही आणि दवाखान्यातही कधी काढलं नाही. ते उपकार मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या खेपेला दोन वाट्या गेल्या, डब्यात स्निग्धांश भरपूर निघाला आणि दुखणं पकडलं गेलं. जेवणाबरोबर घ्यायच्या पाचक गोळ्या सुरू झाल्या, अंगावर मांस चढलं, आणि गंगाराम पुन्हा मेंढरांमागे चालू लागले. आता शौचाच्या चिमूटभर नमुन्यावर तपासणी भागते, तरी मी आधी ताटाची चौकशी करतो.

हा लेख लिहितो आहे, असं परवा सखुबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाईच्या नावानं मी रोज दिवा लावून राहिले. तूप आमच्या घरचं हाय, ह्यायच्या ताटातलं न्हाई."

बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, एवढंच माझंही मागणं. या खेपेला तूप योग्य जागी जळतं आहे.