नाडीवर लावलेलं घड्याळ

घड्याळजी पितो, याबद्दल त्याच्या बायकोला तिळमात्र शंका उरली नव्हती. हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, एवढ्यातेवढ्यावरून अंगावर येतो. जेवतो दोघांचं आणि विजार कमरेवर टिकत नाही. हात गेले की दुकान गेलं, या धास्तीने ती त्याच्या ग्लासाचा वास घेई. एकदा त्याचाच घेतला.

"हुंगतेस काय? मांजर आहेस का?"

"मांजर असते तर एव्हाना बाटली सापडली असती!"

एका दुपारी ती न सांगताच दुकानात जाऊन थडकली. खण उघडले, कपाटामागे पाहिलं. बाटली नव्हती. समोर गिऱ्हाईक तावातावाने बोलत होतं, "नुसता पट्टा बदलायला दिलं होतं. आता रोज पाच मिनिटं पुढे पळतंय!"

"पुढे? अहो, सगळीच मागे पडताहेत, भिंतीवरचंसुद्धा," घड्याळजी कपाळ पुसत म्हणाला. "माल देणारा मला फसवतोय."

आता तिला वेगळाच संशय आला. त्याची तीस वर्षांची खोड तिला ठाऊक होती. हाती आलेलं प्रत्येक घड्याळ तो स्वतःच्या नाडीवर पारखायचा. मिनिटाला बहात्तर ठोके. घड्याळाच्या मिनिटात जास्त भरले की ते मागे पडतंय, वाढवा थोडी गती. याचा कोण अभिमान त्याला!

तिने त्याचं मनगट धरलं आणि मोबाइलवर मिनिट लावलं. एकशे अठरा. तेही बसल्या जागी!

"घड्याळं नाहीत हो, तुम्हीच पळताय."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याचा गळा चाचपला, रक्त तपासून घेतलं. "थायरॉइडची ग्रंथी जास्त काम करतेय. थरथर, घाम, चिडचिड, सगळं तिचंच. गोळ्या रोज घ्यायच्या. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत. मात्र घसा दुखून ताप आला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी इथे या."

"हात पहिल्यासारखे होतील?" त्याने हळूच विचारलं. इतके दिवस तो बाटली नव्हे, ही भीती लपवत होता, हे तिला तेव्हा कळलं.

"होतील. धीर धरा."

बायकोचा स्वभाव काही गेला नाही. रोज गोळी दिली की ती म्हणे, "जीभ वर करा."

"पोलिसात का गेली नाहीस?"

"एवढा अट्टल माणूस तिथे रोज कुठून मिळायचा?"

तीन महिन्यांनी नाडी अठ्ठ्याहत्तर भरली. त्याने चिमट्यात मोहरीएवढा स्क्रू उचलला आणि अलगद बसवला. हात हलला नाही. सवयीने बोट मनगटाकडे गेलं, पण तिची नजर पाहून तो थबकला. तिने मोबाइल पुढे सरकवला.