मोलगीला दिलेले पत्ते

शहाद्यातल्या एका रक्ततपासणीच्या लॅबचं क्लाउडवरचं नेटवर्क मी उभं केलं होतं. पुढे त्याच संस्थेने वर डोंगरात, मोलगीला दवाखाना काढला, तेव्हा त्याचंही काम माझ्याकडेच आलं. क्लाउडवर खासगी नेटवर्क करताना आतल्या मशीनना द्यायच्या आयपी पत्त्यांचा पट्टा आधीच निवडावा लागतो. दोन नेटवर्क कधी जोडायची असतील तर पट्टे वेगळे हवेत, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं. मी मात्र शहाद्याचाच पट्टा, १०.०.०.० पासूनचा, मोलगीला चिकटवून दिला. वेळ नव्हता असं काही नाही. डोंगराला आणि शहाद्याला कोण जोडायला बसलंय, असं मला वाटलं.

जोडायची वेळ आलीच. मोलगीत घेतलेलं रक्त जीपने खाली शहाद्याला यायचं, पण रिपोर्ट वर मोलगीच्या कॉम्प्युटरवर दिसायचा नाही. काठी गावाकडची एक बाई गरोदर लेकीच्या रिपोर्टसाठी दोनदा शहाद्याला हेलपाटे घालून गेली. तेव्हा संस्थेचे साहेब म्हणाले, जोडून टाक. मी जोडायला गेलो तर क्लाउडने सरळ नकार दिला. एकाच नंबरची दोन घरं, पत्र टाकायचं कुठे? आता एका बाजूचं नेटवर्क नव्याने उभारून सगळं तिकडे हलवायला हवं होतं. तोवर त्या बाजूच्या नोंदी बंद, आणि नोंदीशिवाय रक्त घ्यायचं नाही असा नियम.

“मोलगीनं बदली टाक,” साहेब शहाद्याच्या लॅबमधल्या रांगेकडे बोट दाखवत म्हणाले. “आठे गर्दी ऱ्हास, आठे हात लावू नको.”

मी ‘बरं’ म्हणालो. लाज वाटली, ती गिळली.

मोलगीचे कॉम्प्युटर नव्या पत्त्यांवर घ्यायला गेलो तो नेमका बाजाराचा दिवस. दवाखाना सांभाळणारी सिस्टर तिथलीच, पावरा आदिवासी घरातली. तिला मी सगळं समजावून सांगितलं.

“आधीच वेगळे का नाही दिले, सर?”

“चूक झाली,” मी म्हणालो. खोटं बोललो.

“मग शहाद्याचे का नाही बदलत?”

“तिथं गर्दी असते.”

ती उठून दारात गेली आणि डोंगरातून चालत आलेल्या, ओट्यावर, पायऱ्यांवर, पार रस्त्यापर्यंत बसलेल्या माणसांना पावरी बोलीत सांगू लागली, आज तपासणी होणार नाही.