मशीन आत नेलं तेव्हा

लग्न होऊन या घरात आले तेव्हा शिलाई मशीन माझ्याबरोबर आलं आणि ओटीवर बसलं, कारण उजेड तिथेच होता. माझं माहेर शहापूरकडचं. भातसानगरच्या वसाहतीत एक बाई शिवणाचा क्लास घ्यायच्या, तिथे मी शिकले. सासर मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला. इथे ओटी म्हणजे रस्त्याचाच एक भाग. जीप धरायला निघालेली बाई ओटीवर टेकते, दळण घेऊन परतणारी टेकते, आणि ज्यांना कुठेच जायचं नसतं त्या तर टेकतातच.

ओटी खरी सासूबाईंची. गुडघे गेल्यापासून त्यांचं शेतावर जाणं बंद झालं, बाजार सुटला, लग्नकार्यंही सुटली. सकाळी भिंतीला पाठ लावून बसल्या की दिवेलागणीपर्यंत तिथेच. आलेल्या प्रत्येकीला चहा त्या विचारायच्या, करायचा मी. "माज्याकडं मानसांची ये-जा हाय, म्हनून दिवस जातो," असं त्या पाहुण्यांना अभिमानाने सांगायच्या. मलाही ते खरंच वाटायचं.

या ये-जेत मी शिवत होते. दिवसभर पाय मशीनवर, तरी एक कपडा वेळेवर होईल तर शपथ. कुणीतरी येऊन म्हणायचं, "जरा एवढं उसवलंय, हातासरशी मारून दे गो." मग निळा दोरा काढायचा, लाल ओवायचा, बॉबिन बदलायची, दोन बोटं शिवण मारायची आणि पुन्हा निळा. तोवर दुसरी येऊन बसलेली. जी समोर बसेल तिचं आधी व्हायचं, आणि जी विश्वासाने कापड टाकून गेली तिचं राहून जायचं. संध्याकाळी पाठ धरायची, आणि दिवसभरात पुरं काय झालं म्हणून बघावं तर एक परकर. फार राग यायचा, पण काढायचा कुणावर? नवरा म्हणायचा, "किती राबतेस गो!" ते ऐकून मला बरं वाटायचं, हे तर त्याहून वाईट.

मागच्या लगीनसराईत शेजारच्या आळीतल्या मुलीचं वैशाखरे गावच्या मुलाशी ठरलं. आमच्याकडे हल्ली लग्नापेक्षा हळद मोठी. हळदीला भावकीतल्या झाडून सगळ्या बायका एकसारख्या दिसायला लागतात. पिवळ्या साड्या एकदम आणल्या होत्या, त्यांवर हिरवे ब्लाउज, आणि ते सगळे माझ्याकडे. नवरीच्या आईने मापाच्या ब्लाउजांचं गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. "तुज्यावर सोडलंय हां. भायेर कोनाला दिलं नाय."

रात्री गाठोडं सोडून ब्लाउज मोजले. नेहमीसारखी शिवत बसले असते तर निम्म्या बायका जुन्या ब्लाउजात हळदीला उभ्या राहिल्या असत्या, आणि मला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या मदतीने मशीन उचलून माजघरात खिडकीपाशी नेलं. वर ट्यूब लावून घेतली. ठरवून टाकलं, सकाळी फक्त हिरवा दोरा. आधी सगळे कापून घ्यायचे, मग सगळ्या बाह्या, मग सगळे गळे. कुणाचं उसवलेलं, फाटलेलं असेल तर चार वाजता या.

"हिला शिंगं फुटली काय गो?" असं खिडकीतून ऐकू आलं. मी हसले आणि पुढची बाही घेतली. खरं सांगते, दोरा न बदलता सकाळभर शिवण्यात इतकं सुख असेल असं वाटलं नव्हतं. जेवायच्या आत बाह्यांची चळत पुरी व्हायची. चहाला उठावं लागत नव्हतं, त्याचा तर मला आनंदच होता.

चहाला का उठावं लागत नाही, हे मात्र डोक्यात आलं नाही. बायका पायरीपर्यंत यायच्या, मशीनची रिकामी जागा बघायच्या. "ती कुटं गेली?" सासूबाई सांगायच्या, "आत हाय. बस की." "नको, चारला येते." आणि जायच्या. चार वाजता आल्या की तडक माजघरात. गप्पा तिथेच, हसणं-खिदळणं तिथेच. सासूबाईंना उंबरा ओलांडून सारखं आत येणं अवघड. त्या बाहेर बसून आतलं हसणं ऐकायच्या.

एका सकाळी पाणी द्यायला बाहेर गेले तेव्हा रस्त्याकडे बघतच त्या म्हणाल्या, "त्या माज्यासाठी येत नव्हत्या तर."

"असं काय नाय आई. लगीनसराई हाय, समद्या गडबडीत हायत."

पाणी पिऊन त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. मला आत गळे शिवायचे होते.

ब्लाउज हळदीच्या आधीच पोचले. एकही परत आला नाही. मांडवात हिरव्या ब्लाउजांची रांग नाचताना बघून मला जे वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही, छाती फुगली होती.

लग्न पार पडलं, तरी मशीन मी आतच ठेवलं. कामं वेळेत होत होती, ते सोडवेना. पण ओटीवर एकट्या बसलेल्या सासूबाई दिसल्या की जीव चुरचुरायचा. मग मी एक युक्ती काढली. हुकं लावणं, काजं करणं, तुरपाई, ही हातशिलाईची कामं बाजूला काढायची आणि सकाळच्या मधल्या वेळी ती घेऊन त्यांच्याजवळ बसायचं. काम पण होईल, त्यांना सोबत पण होईल. एक मिनिट वाया नाही. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश झाले.

पहिल्याच दिवशी शिवणाचा डबा घेऊन बसले. सुई ओवली. हुकावरची नजर न काढता विचारलं, "आई, गुडगा कसा हाय आज?"

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तू पन काम घेऊनच आलीस ना गो?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

मी ब्लाउज डब्यात टाकला, डबा आत ठेवून आले आणि त्यांच्या शेजारी भिंतीला पाठ लावून बसले. रस्त्याने एक जीप गेली. मी हात मांडीवर ठेवले. त्यांचेही मांडीवरच होते. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही दोघी हात रिकामे ठेवून कधी बसलोच नव्हतो.