चारला सुटते, आठला पोचते

आमच्या गावाहून, चकलांब्याहून, निघाले तेव्हा वडील, म्हणजे अण्णा, गेवराईच्या स्टँडपर्यंत सोडायला आले होते. त्यांची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेलेली. छापलेल्या वेळेवर देवापेक्षा जास्त विश्वास. स्टँडवर त्यांनी माझं विमानाचं तिकीट मागून घेतलं. मुंबई दुपारी चार, सॅन फ्रान्सिस्को रात्री आठ, तारीख तीच. "चारच तास? बाई, पुण्याला याहून जास्त लागतंय," म्हणाले, आणि महिनाभर ताणलेला चेहरा सैल झाला.

तिकडचं घड्याळ साडेबारा तास मागे असतं, हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझी बॅग तिथूनच माघारी फिरली असती. प्रवास होता साडेसोळा तासांचा, साडेतेरा हजार किलोमीटरचा. पुढे फोनमुळे इकडे दिवस तेव्हा तिकडे रात्र, हे अण्णांना कळलं, पण तिकिटाचा हिशेब काही त्यांनी पुन्हा मांडला नाही. लेक चार तासांवर आहे, असं गावभर सांगत राहिले. तुमच्यातले जे बाहेर गेलेत त्यांनीही असं एखादं खोटं सांभाळलं असेल.

सहा वर्षांनी भावाचा, दत्ताचा, फोन आला. अण्णांना बीडच्या दवाखान्यात ठेवलं होतं, पोटाचं ऑपरेशन लगेच करायचं होतं, आणि ते आत जायला तयार नव्हते. चार तासांचं तर आहे, लेक येईल, मग बघू, असं डॉक्टरांनाच सुनावत होते. मी फोनवर गयावया केली, थांबू नका म्हटलं. खरं अंतर मात्र तेव्हाही तोंडातून निघालं नाही.

सोमवारी संध्याकाळी विमानात बसले, उतरले तेव्हा बुधवार लागला होता. मंगळवार आभाळातच संपला. खाली पाणी, मग पुन्हा पाणी, जपान ओलांडेपर्यंत दुसरं काही नाही. लोक जेवत होते, घोरत होते आणि आमच्याखालून अर्धी पृथ्वी सरकत होती. बसल्या जागी माणूस एवढं ओलांडतो, याचं मला इतकं नवल वाटलं की अंगावर काटा आला. पण माझ्या खोट्यापायी अण्णांना काही झालं तर, या विचाराने जेवणाचा ट्रे तसाच परत दिला.

मुंबईहून गाडीने बीड गाठलं. अण्णा खाटेवर बसून होते, चेहरा पिवळा पडलेला.

"एवढा येळ कावून लागला?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी मधले थांबे विचारले. एकही नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच बघितल्यागत बघितलं.

"एवढ्या लांब ऱ्हातीस तू? एकली?" मग म्हणाले, "आदी कळलं असतं तर जाऊ दिलं नसतं. बरं झालं, न्हाई सांगितलंस."

आणि नर्सला हाक मारून स्वतःच आत गेले.

ऑपरेशन नीट झालं. आता फोनवर अण्णा अंतर विचारत नाहीत, जेवलीस का एवढंच विचारतात. मला घर म्हणजे गाव वाटायचं, अंगण वाटायचं. आता वाटतं, डॉक्टर दोनदा बोलवायला आले तरी माझ्यासाठी खाटेवरून न हललेला तो हट्टी माणूस, तेवढंच माझं घर आहे.