शेपटीची रेघ

सदर बाजारात चित्रांना फ्रेम करून देणारे एक दुकानदार आहेत. कुठलंही चित्र हातात आलं की आधी उलटं करतात, मागून हलकेच अंगठा फिरवतात आणि मगच समोरून पाहतात. त्यांचे वडील लाकडी ठप्प्यांनी चादरी छापायचे, तिथली ही सवय.

मी माशांची जपानी चित्रं जमवते. तीही लाकडी ठप्प्यांनीच छापलेली असतात. पहिल्या आवृत्तीचं म्हणून घेतलेलं एक चित्र मी त्यांच्याकडे नेलं आणि तसं मोठ्या अभिमानानं सांगितलं, तेव्हा बराच वेळ पाहून ते मान डोलावत फक्त "हव" म्हणाले. फ्रेम हातात आली तेव्हा चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी खालून बोटभर जास्त होती आणि माशाच्या शेपटीचं टोक झाकलं गेलं होतं. दुकानात गिऱ्हाइकं असतानाच मी त्यांना बोलले. "चुकलं, दीदी," एवढंच म्हणाले. पुढे तीन वर्षं मी येता-जाता त्यांना त्या पट्टीवरून टोमणे मारले.

परवा काच फुटली म्हणून त्यांनी माझ्यासमोरच फ्रेम उघडली. पट्टीखाली शेपटीची रेघ तीन ठिकाणी तुटलेली होती.

"ठप्पा झिजला का रेघ तुटते," ते म्हणाले. "हे पहिल्या खेपेचं नाही, दीदी. बहुत नंतरचं आहे."

"मग तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

"सांगणारच होतो. मंग तुमच्या तोंडाकडे पाह्यलं."

त्यांनी नवा पुठ्ठा समोर घेतला, कानामागची पेन्सिल काढली आणि विचारलं, "आता सरळ कापू, का पहिल्यासारखीच शेपटी झाकू?"